माफी दिली की मागितली? समलैंगिकतेच्या गुन्ह्याखाली शिक्षा भोगून गेलेल्यांची मरणोत्तर क्षमा

धागालेखिका:

मराठीत 'माफी' हा शब्द दोन्ही दिशांनी चालतो. चुकलेला माणूस माफी मागतो आणि ज्याच्या हाती अधिकार आहे तो माफी देतो. क्रियापद बदलले की अपराधी कोण हेही बदलते. समलैंगिक संबंधांबद्दल पूर्वी शिक्षा झालेल्या हजारो मृत पुरुषांना ज्या ब्रिटिश कायद्याने मरणोत्तर क्षमा दिली, त्याला ३१ जानेवारी २०१७ रोजी राजसंमती मिळाली. त्याविषयी वाचताना मी या दोन क्रियापदांपाशी येऊन अडकले आणि अजून मला तिथून पुढे जाता आलेले नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांचे प्रकरण बहुतेकांना ठाऊक असते, पण त्यातल्या घटनांचा क्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे. जानेवारी १९५२ मध्ये मँचेस्टरजवळच्या त्यांच्या घरात चोरी झाली आणि तिची वर्दी त्यांनी स्वतःच पोलिसांत दिली. चोरी कोणी केली असावी याचा सुगावा त्यांना अर्नोल्ड मरे नावाच्या १९ वर्षांच्या तरुणाकडून लागला होता, आणि पोलिसांना चोरापेक्षा हा तरुण ट्युरिंग यांचा कोण लागतो यातच अधिक रस वाटू लागला. ट्युरिंग यांनी काहीही लपवले नाही. स्वतःच्या हाताने पाच पानी जबाब लिहून दिला, कारण आपण काही वाईट केले आहे असे त्यांना वाटतच नव्हते. ३१ मार्च १९५२ रोजी ट्युरिंग आणि मरे एकाच कोर्टात, एकाच कलमाखाली उभे राहिले. ते कलम १८८५ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमातले अकरावे, म्हणजे 'घोर असभ्य वर्तना'चे होते. मरेची सशर्त सुटका झाली. ट्युरिंग यांनी तुरुंगाऐवजी एक वर्ष कृत्रिम स्त्री-संप्रेरकाचे उपचार घेण्याची अट मान्य केली आणि त्यांना परिवीक्षेवर (प्रोबेशनवर) सोडण्यात आले. ज्या गुप्तलेखनाच्या कामात त्यांनी महायुद्धात देशासाठी अपार बुद्धी खर्च केली होती, त्याचे दरवाजे त्यांना बंद झाले. ७ जून १९५४ रोजी सायनाइडच्या विषबाधेने ते गेले, तेव्हा ते ४१ वर्षांचे होते. मृत्यूच्या चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष नोंदवला गेला.

आता पुढचा क्रम पाहा. १० सप्टेंबर २००९ रोजी पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी सरकारच्या वतीने ट्युरिंग यांची माफी मागितली. २०१२ मध्ये क्षमेची मागणी आली तेव्हा लॉर्ड मॅकनॅली यांनी सरकारतर्फे नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की, त्या काळी जे कृत्य गुन्हा होते त्याबद्दल ट्युरिंग यांना रीतसर दोषी ठरवले गेले होते. आणि २४ डिसेंबर २०१३ रोजी राणी एलिझाबेथ यांनी आपला दयाधिकार वापरून त्यांना क्षमा दिली. म्हणजे एकाच राज्यसंस्थेने एकाच माणसाची आधी माफी मागितली आणि चार वर्षांनी त्यालाच माफी दिली. यातली कोणती गोष्ट खरी मानायची?

मला याहून जास्त अस्वस्थ करतो तो मरे. त्याच दिवशी, त्याच कोर्टात, त्याच आरोपाखाली उभ्या असलेल्या त्या तरुणाचे नाव २०१३ च्या क्षमापत्रावर नव्हते. त्याने कोणतेही सांकेतिक यंत्र फोडले नव्हते, कोणताही गणिती सिद्धांत मांडला नव्हता, म्हणून त्याचा 'गुन्हा' आणखी तीन वर्षे गुन्हाच राहिला. क्षमा ही थोरवीचे बक्षीस म्हणून मिळू लागली, तर तो न्याय उरत नाही, तो सन्मान होतो. सन्मान ट्युरिंग यांना कितीतरी मिळाले आहेत आणि ते मिळायलाच हवेत. इथे प्रश्न वेगळा होता.

२०१७ च्या कायद्याने ही चूक बरीचशी दुरुस्त केली हे मान्य करायला हवे. इंग्लंड आणि वेल्समध्ये या कायद्यांखाली सुमारे ६५,००० पुरुषांना शिक्षा झाल्या, त्यांपैकी सुमारे १५,००० त्या वेळी हयात होते, असे तेव्हा सांगितले गेले. जे मृत होते त्यांना कोणी अर्ज न करता, नाव न घेता, सरसकट क्षमा मिळाली. जे जिवंत होते त्यांना मात्र आधी गृहखात्याकडे अर्ज करून आपली जुनी शिक्षा 'दुर्लक्षित' करून घ्यावी लागे, आणि तो अर्ज मंजूर झाला तरच क्षमा लागू होई. सत्तर-ऐंशी वर्षांच्या माणसाने आपल्या तरुणपणीच्या अटकेचे तपशील एका सरकारी अर्जात पुन्हा भरायचे, ही कल्पना ज्याला सुचली त्याने तो अर्ज स्वतः भरून पाहायला हवा होता.

जॉर्ज माँटेग्यू यांना १९७४ मध्ये याच 'घोर असभ्य वर्तना'खाली शिक्षा झाली होती. नव्वदी ओलांडलेले हे गृहस्थ २०१६ मध्ये आपला अर्ज घेऊन थेट पंतप्रधानांच्या निवासस्थानी गेले, आणि त्यांची मागणी क्षमेची नव्हतीच. क्षमा स्वीकारणे म्हणजे आपण अपराधी होतो हे कबूल करणे, मी कोणताही अपराध केलेला नाही, सरकारने माझी माफी मागावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. माझे मत त्यांच्या बाजूने आहे. मेलेल्यांना क्षमा देण्यात चांगुलपणा आहे हे मी नाकारत नाही, पण ती देताना आपण कोणत्या खुर्चीवर बसून देतो आहोत हे राज्यसंस्थेने पाहायला हवे होते. तुम्हाला काय वाटते, ते सविस्तर लिहावे अशी विनंती.

प्रतिसाद १:

धागा महत्त्वाचा आहे. मी बरीच वर्षे फौजदारी कज्जे पाहिले आहेत, म्हणून कायद्याच्या अंगाने थोडी भर घालतो.

क्षमा, शिक्षामाफी, दोषसिद्धी रद्द होणे आणि नोंद पुसली जाणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि वर्तमानपत्रे त्या एकाच मापाने मोजतात. क्षमेने शिक्षेची धार जाते, निकाल तसाच राहतो. २०१७ च्या ब्रिटिश कायद्यात तर हे स्पष्टच लिहिले आहे की, या क्षमेमुळे दोषसिद्धीवर किंवा शिक्षेवर काही परिणाम होत नाही आणि तिच्यातून कोणताही हक्क किंवा दायित्व निर्माण होत नाही. म्हणजे कायद्याच्या भाषेत ती एक घोषणा आहे. घोषणेला किंमत नसते असे मी म्हणणार नाही, पण तिच्यामुळे निकालपत्रावरचे एक अक्षरही बदलत नाही.

याच्या शेजारी जर्मनी ठेवून पाहा. तिथल्या दंडसंहितेचे कलम १७५ हे १८७१ पासूनचे. नाझींनी १९३५ मध्ये ते इतके कडक केले की स्पर्शसुद्धा झालेला नसला तरी शिक्षा होऊ शके. त्या राजवटीत सुमारे ५०,००० पुरुषांना शिक्षा झाल्या आणि हजारो जण समलैंगिक कैद्यांची खूण असलेला गुलाबी त्रिकोण लावून छळछावण्यांत गेले. युद्ध संपले, छावण्या उघडल्या, पण पश्चिम जर्मनीने १९३५ चा तोच मसुदा जसाच्या तसा १९६९ पर्यंत चालू ठेवला, आणि १९५७ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो वैध ठरवला. त्या काळात पुन्हा सुमारे ५०,००० शिक्षा झाल्या. हे कलम पूर्णपणे गेले ते १९९४ मध्ये.

आता दुरुस्ती कशी झाली पाहा. २००२ मध्ये जर्मन संसदेने नाझी काळातल्या कलम १७५ खालच्या दोषसिद्धी रद्द केल्या, पण त्याच मजकुराखाली १९४५ नंतर दिलेल्या शिक्षांना हात लावला नाही. अडचण अशी सांगितली जाई की, आधीचे निकाल हुकूमशाहीचे होते आणि नंतरचे लोकशाही प्रजासत्ताकाच्या स्वतंत्र न्यायालयांचे; संसदेने न्यायालयाचे निकाल रद्द केले तर सत्ताविभाजनाचे काय? हा आक्षेप पोकळ नाही, मलाही तो वजनदार वाटतो. तरी २०१७ मध्ये संसदेने तो ओलांडला आणि युद्धोत्तर दोषसिद्धीही कायद्यानेच रद्द केल्या. 'आम्ही तुम्हाला क्षमा करतो' असे म्हटले नाही, 'तो निकाल आता निकाल राहिला नाही' असे म्हटले. जे हयात होते त्यांना प्रत्येक दोषसिद्धीमागे ३,००० युरो आणि तुरुंगात काढलेल्या प्रत्येक सुरू झालेल्या वर्षामागे १,५०० युरो अशी भरपाई ठरली. जे गेले त्यांच्या निकटच्या नातेवाइकांना, दोषसिद्धी रद्द झाल्याचा दाखला सरकारी वकिलाच्या कार्यालयातून मागता येतो. तुमच्या धाग्याच्या शीर्षकातल्या प्रश्नाला हे एक तिसरे उत्तर आहे असे मला वाटते: माफी दिली नाही, नुसती मागितलीही नाही, आपला कागद मागे घेतला.

प्रतिसाद २:

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मी प्रामाणिकपणे मांडतो. कोणाला दुखावण्याचा हेतू नाही.

ज्यांना या कायद्यांचा त्रास झाला त्यांच्याविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे. पण गेलेल्या पिढ्यांचे निकाल आजच्या कसोटीवर घासून बदलत बसायचे का, हा प्रश्न मला सोडत नाही. १८९५ मधल्या न्यायाधीशाने लेखक ऑस्कर वाइल्ड यांना दोन वर्षांची सक्तमजुरी दिली ती त्याच्यासमोरच्या कायद्याप्रमाणे. त्या काळी सगळा समाजच तसा विचार करीत होता. आज आपण त्या मृत न्यायाधीशाला चूक ठरवतो आणि मृत कैद्याला निर्दोष ठरवतो, त्यात दोघांपैकी कोणालाही काही मिळत नाही. मिळते ते आपल्याला, आपण किती पुढे आलो याचे समाधान. शिवाय मेलेल्याला क्षमा देण्यासाठी सरकारला काहीच खर्च करावा लागत नाही. मग अशा स्वस्त औदार्याचे कौतुक का करायचे? इतिहास होता तसा राहू द्यावा आणि जिवंत माणसांसाठी जे करायचे ते करावे, असे माझे म्हणणे आहे.

धागालेखिका:

तुमच्या शेवटच्या मुद्द्याशी मी बरीच सहमत आहे. मेलेल्याला अर्जाशिवाय आणि जिवंताला अर्जाने, या रचनेत हेच दिसते की जिथे काही द्यावे लागत नाही तिथे हात सढळ होतो. पण 'त्या काळी सगळा समाजच तसा विचार करीत होता' हे वाक्य मला मान्य करता येत नाही, आणि त्याचे कारण १८३५ मधल्या एका खटल्यात आहे.

इंग्लंडमध्ये या गुन्ह्यासाठी फाशी गेलेले शेवटचे दोघे म्हणजे जेम्स प्रॅट आणि जॉन स्मिथ. थेम्सच्या दक्षिणेला, साउथवर्कमध्ये, विल्यम बोनिल नावाच्या वयस्कर माणसाने एक खोली भाड्याने घेतली होती. ऑगस्ट १८३५ मध्ये ते दोघे तिथे गेले असताना घरमालकाने आणि त्याच्या बायकोने बाहेरून, किल्लीच्या भोकातून, आत पाहिले आणि पोलिसांना बोलावले. पुरावा एवढाच, एका किल्लीच्या भोकाएवढा. त्या सत्रात घरफोडी आणि दरोड्यासारख्या गुन्ह्यांसाठी मृत्युदंड सुनावलेल्या बाकीच्या कैद्यांची फाशी रद्द झाली, या दोघांची झाली नाही. २७ नोव्हेंबर १८३५ रोजी न्यूगेट तुरुंगाबाहेर, लोकांच्या गर्दीसमोर, त्यांना फासावर चढवले. खोली देणाऱ्या बोनिलला जहाजात घालून आजच्या टास्मानियाला हद्दपार केले आणि तो तिथेच मेला.

ज्या दंडाधिकाऱ्याने हे प्रकरण वरच्या कोर्टाकडे पाठवले होते, त्या हेन्सली वेजवुड यांनीच नंतर गृहमंत्री लॉर्ड जॉन रसेल यांना पत्र लिहून फाशी टाळण्याची विनंती केली. ते कृत्य त्यांनाही निंद्यच वाटत होते, त्यांची सहानुभूती आजच्यासारखी नव्हती. तरी त्यांनी एक गोष्ट स्वच्छ पाहिली होती: पैसेवाल्या माणसाला बंद दार विकत घेता येते, सापडतो तो गरीब, म्हणून हा कायदा श्रीमंताला आणि गरिबाला वेगवेगळा लागतो. हे १८३५ मध्ये, लंडनमध्ये, पदावर बसलेल्या माणसाने लिहिले आहे. त्याआधी अर्धशतक तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांनी अशा संबंधांना शिक्षा का देऊ नये यावर सविस्तर निबंध लिहिला होता, पण तो हयातीत छापण्याचे धाडस त्यांना झाले नाही. फ्रान्सने तर १७९१ च्या दंडसंहितेतून हा गुन्हा काढूनच टाकला होता. म्हणजे दुसरा विचार त्या काळात उपलब्ध होता, समोर टेबलावर पत्राच्या रूपात पडलेला होता, आणि तो नाकारला गेला. मग त्या नकाराची जबाबदारी काळावर टाकून मोकळे होता येईल का?

प्रतिसाद ३:

वरचा किल्लीच्या भोकाचा तपशील वाचून बराच वेळ काही सुचले नाही. स्वतःचे दार लावून घेतलेल्या माणसांना बाहेरून डोकावणाऱ्याच्या साक्षीवर फाशी दिली गेली, आणि कायद्याने दोषी ठरवले ते डोकावले गेलेल्यांना.

प्रतिसाद ४:

मी ग्रंथालय आणि दप्तरखान्याशी संबंधित काम केले आहे, त्यामुळे माझी काळजी वेगळीच आहे: दुरुस्तीच्या नावाखाली कागद नष्ट होण्याची.

कॅनडाचे उदाहरण घ्या. एव्हरेट क्लिपर्ट हे साधे कष्टकरी गृहस्थ. १९६५ मध्ये पोलिसांनी त्यांना एका जाळपोळीच्या तपासात चौकशीसाठी बोलावले. जाळपोळीशी त्यांचा काहीही संबंध नव्हता, पण चौकशीत त्यांनी पुरुषांशी असलेले आपले संबंध खरेपणाने सांगितले. (ट्युरिंग यांच्याशी किती साम्य आहे पाहा, पोलीस भलत्याच गुन्ह्याचा शोध घेत होते, आणि सत्य बोलणारा माणूस त्याच सत्यामुळे अडकला.) ते सुधारणार नाहीत असे मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितल्यावर कोर्टाने त्यांना 'धोकादायक लैंगिक गुन्हेगार' ठरवले आणि अनिश्चित काळासाठी कोठडीत ठेवले. ७ नोव्हेंबर १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ते कायम केले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत कायदा बदलण्याचे विधेयक आले आणि १९६९ मध्ये कायदा बदललाही, पण क्लिपर्ट बाहेर आले ते १९७१ मध्ये. जो गुन्हा देशात गुन्हाच उरला नव्हता त्यासाठी ते आणखी दोन वर्षे आत होते. १९९६ मध्ये ते वारले.

कॅनडाच्या पंतप्रधानांनी २८ नोव्हेंबर २०१७ रोजी संसदेत माफी मागितली आणि २०१८ च्या कायद्याने अशा दोषसिद्धी पुसून टाकण्याची सोय केली. मृताच्या वतीने नातेवाइकही अर्ज करू शकतात. अर्ज मंजूर झाला की ती दोषसिद्धी कधी झालीच नव्हती असे मानले जाते आणि केंद्रीय दप्तरातल्या तिच्या नोंदी नष्ट केल्या जातात. जिवंत माणसाला नोकरी मिळवताना, सीमा ओलांडताना याचा फार उपयोग आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. पण मृताची नोंद नष्ट करून त्याला काय मिळते? त्याच्यावर अन्याय झाला होता याचा एकमेव सरकारी पुरावा तो कागदच असतो, आणि त्यावर अन्याय करणाऱ्याची सहीही असते. तो जाळला तर सुटतो कोण? माझे मत असे की मृतांच्या बाबतीत मूळ कागद जपावा, आणि निकाल रद्द झाल्याची नोंद त्याच्याच शेजारी, त्याच फायलीत, ठळक अक्षरांत जोडावी.

प्रतिसाद १ (पुन्हा):

दप्तरखान्याचा मुद्दा मला सुचला नव्हता, तो अगदी योग्य आहे. रद्द करणे आणि पुसणे यांत फरक ठेवायला हवा, एवढे मी माझ्या आधीच्या लिखाणात जोडतो.

प्रतिसाद ५:

'मेलेल्याला काय मिळते' हा प्रश्न दोनदा आला, म्हणून बेयार्ड रस्टिन यांच्याविषयी लिहितो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचे ते मोठे संघटक, आणि १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्च्याची सगळी आखणी त्यांची. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना इथे त्यांना समलैंगिक संबंधाबद्दल पकडले गेले, सुमारे ५० दिवस तुरुंगात काढावे लागले आणि लैंगिक गुन्हेगार म्हणून नावही नोंदले गेले. दहा वर्षांनी, मोर्चा तोंडावर आलेला असताना, चळवळीला बदनाम करण्यासाठी सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी तीच अटकेची नोंद सिनेटच्या सभागृहात उभे राहून मांडली. तुरुंगवास ५० दिवसांचा होता, पण त्या कागदाने त्यांचा पाठलाग आयुष्यभर केला. चळवळीत असूनही त्यांना कायम मागच्या रांगेत राहावे लागले, आणि त्यात विरोधकांइतकाच सहकाऱ्यांच्या भीतीचाही हात होता. १९८७ मध्ये ते गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी त्यांना मरणोत्तर क्षमा दिली आणि तशाच कायद्यांखाली शिक्षा झालेल्या इतरांनाही क्षमेसाठी पुढे येण्याची वाट करून दिली. एका माणसाच्या नावाने सुरू झालेली गोष्ट इतरांपर्यंत नेण्याची ही पद्धत मला आवडली. ट्युरिंग यांच्या वेळी हेच पहिल्या दिवशी झाले असते, तर मरेचा प्रश्न उरला नसता. मेलेल्याला काही मिळो न मिळो, त्याचा जोडीदार, त्याचे सहकारी, त्याच्या नावाने शिव्या ऐकलेली माणसे मागे राहिलेली असतात.

प्रतिसाद ६:

व्याप्तीविषयी कोणी लिहिलेले नाही आणि खरी खोच तिथे आहे. २०१७ च्या ब्रिटिश कायद्यात ठरावीक कलमांची यादी होती. दुसरी व्यक्ती १६ वर्षांवरील हवी, संमती हवी, आणि ते कृत्य आज गुन्हा नसावे, या अटी समजण्यासारख्या आहेत; त्या ठेवल्याच पाहिजेत, कारण याच कलमांखाली अल्पवयीन मुलांवरच्या अत्याचाराचेही खटले चालले होते. २०१६ मध्ये खासदार जॉन निकोलसन यांनी सरसकट क्षमेचे खासगी विधेयक आणले, तेव्हा सरकारने हेच कारण पुढे करून ते चर्चेत वेळ काढून बुडवले.

पण यादीत 'अनैतिक हेतूने पुरुषांकडे याचना करणे' हे कलम नव्हते, आणि हजारो माणसे अडकली ती त्यातच. साध्या कपड्यांतला तरुण पोलीस रस्त्यावर किंवा स्वच्छतागृहात उभा राहायचा, नजरेला नजर द्यायचा, समोरच्याने प्रतिसाद दिला की अटक. प्रख्यात नट जॉन गिलगुड यांना ऑक्टोबर १९५३ मध्ये असेच पकडून १० पौंड दंड झाला होता. १९६७ मध्ये २१ वर्षांवरील दोन पुरुषांमधले खासगी संबंध इंग्लंड आणि वेल्समध्ये कायदेशीर झाले, तरी सैन्य आणि व्यापारी नौका वगळल्या होत्या, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड वगळले होते, आणि 'खासगी'चा अर्थ इतका अरुंद लावला गेला की त्यानंतर असभ्य वर्तनाच्या शिक्षा कमी होण्याऐवजी वाढल्या. धागालेखिकेने उल्लेखलेल्या माँटेग्यू यांची शिक्षा १९७४ ची आहे, हे पुन्हा एकदा वाचावे. २०२२ मध्ये कायदा बदलून व्याप्ती वाढवली गेली, आणि २०२३ पासून सैन्यातल्या शिक्षांसह स्त्रियांनाही अर्ज करता येऊ लागला. पाच-सहा वर्षांचा हा उशीर म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत फार मोठा असतो.

प्रतिसाद ७:

हा कायदा ब्रिटनने साम्राज्यभर पेरला, म्हणून भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ चा उल्लेख इथे अस्थानी ठरणार नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे संबंध त्या कलमातून बाहेर काढले. त्या निकालातले न्या. इंदू मल्होत्रा यांचे वाक्य सर्वत्र उद्धृत झाले: या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांची इतिहासाने माफी मागायला हवी, अशा आशयाचे. पण त्यांच्याच निकालपत्राच्या अखेरीस असेही म्हटले आहे की, या निकालामुळे निकाली निघालेले जुने खटले पुन्हा उघडले जाणार नाहीत. प्रलंबित प्रकरणांत मात्र त्याचा आधार घेता येईल. कायद्याच्या स्थैर्यासाठी हे लिहावे लागते, हे मला समजते. तरी माफी मागायची इतिहासाने, आणि ज्यांना शिक्षा झाली त्यांच्या फायली मात्र बंदच राहायच्या, यातले अंतर मला फार जाणवते. इतिहासाला सही करता येत नाही; सरकारला करता येते.

धागालेखिका:

सर्वांचे मनापासून आभार. इतके नेमके आणि संयमाने लिहिलेले प्रतिसाद मिळतील असे वाटले नव्हते. प्रतिसाद २ लिहिणाऱ्यांचेही, कारण त्यांच्या प्रश्नाशिवाय १८३५ पर्यंत मी गेलेच नसते.

माझे मत काहीसे बदलले आहे. सुरुवातीला मी मागणे आणि देणे यांत एकच निवडायला निघाले होते. स्कॉटलंडने हे दोन्ही एकत्र केले, याकडे माझे लक्ष आधी गेले नव्हते. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथल्या संसदेत विधेयक आले आणि ७ नोव्हेंबर रोजी, त्याच सभागृहात, फर्स्ट मिनिस्टर (तिथल्या सरकारच्या तेव्हाच्या प्रमुख) निकोला स्टर्जन यांनी शिक्षा झालेल्यांची बिनशर्त माफी मागितली. २०१८ च्या त्या कायद्याने जिवंत आणि मृत असा भेद न करता सर्वांना आपोआप क्षमा दिली, आणि कायद्याचा उद्देश सांगतानाच या शिक्षा चुकीच्या आणि भेदभावाच्या होत्या हे मान्य केले. आधी आपली चूक लिहायची आणि मग क्षमा हा शब्द वापरायचा, या क्रमाने तो शब्द मला तितका खुपत नाही. जर्मनीसारखे निकालच मागे घेणे मला तरीही अधिक सरळ वाटते, आणि प्रतिसाद ४ मधल्या सूचनेप्रमाणे मूळ कागद जपून.

एका वाचकाने व्यक्तिगत संदेशातून विचारले की, अर्नोल्ड मरेचे नाव शेवटी कुठल्या क्षमापत्रावर आले का. २०१७ च्या कायद्यात कोणाचेच नाव नाही. वाइल्ड यांचे नाही, प्रॅट आणि स्मिथ यांचेही नाही. कायद्याने वर्णन दिले आहे, आणि त्या वर्णनात जो बसतो त्याला ती क्षमा लागू होते, तशी ती मरेलाही लागू व्हावी. पण १९५२ च्या खटल्याच्या शीर्षकात दोन नावे शेजारी शेजारी आहेत, ट्युरिंग आणि मरे. यापुढे त्या खटल्याविषयी लिहिताना मी ती तशीच लिहीन.